रस्त्यावरचा उपदेशक आणि आपले मौन

बर्मिंगहॅममध्ये न्यू स्ट्रीट आणि हाय स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे बहुतेक वेळा कुणी ना कुणी ख्रिस्ती उपदेशक उभा असतो. हातात बायबल आणि समोरून खरेदीच्या पिशव्या सावरत निघून जाणारे लोक. गेल्या हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत मी एका भारतीय सहकाऱ्याबरोबर तिथून चाललो होतो. पत्रके वाटणाऱ्या एका वयस्क बाईंनी आम्हांला थांबवले आणि सौजन्याने विचारले, "तुमची श्रद्धा कशावर आहे?" मी तोंड उघडण्यापूर्वीच सहकारी हसून म्हणाला, "आम्ही दोघेही हिंदू आहोत." बाईंनी पत्रक दिले, आम्ही घेतले आणि पुढे निघालो. मी काहीच बोललो नाही.

त्या मौनाचे कारण वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. "मी बौद्ध आहे" असे एका मराठी माणसाने दुसऱ्या भारतीयाला सांगितले की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. कधी गावाचा, कधी आडनावाचा. त्या प्रश्नाचा रोख आपण लहानपणापासून ओळखतो. सात समुद्र ओलांडून आलो तरी तो आपल्या आधी इथे पोहोचलेला असतो. मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली. एका अनोळखी बाईंना आपली श्रद्धा भर रस्त्यात सांगण्याचा संकोच वाटला नाही. मला मात्र विचारले गेल्यावरही ती सांगता आली नाही.

आपल्या घरांत या उपदेशकांविषयी बहुधा त्रासिक सूर असतो. त्यांच्या आवाजाचा उपद्रव होतो, नरकाची भीती घातली जाते, मुलांच्या हातात पत्रके दिली जातात. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु त्यांवरून "यांना रस्त्यावर बोलूच देऊ नये" असा निष्कर्ष आपण काढू लागलो, तर आपण आपल्याच पायाखालची जमीन खणतो आहोत.

रस्त्यावरच्या या उपदेशाचा इंग्लंडमधला इतिहास पाहावा. 1739 साली जॉन वेस्ली ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानावर बोलू लागला, कारण अनेक चर्चची व्यासपीठे त्याला बंद झाली होती. त्याच्या श्रोत्यांत किंग्जवूडचे कोळसा खाणकामगार होते. ज्यांची चर्चला फारशी फिकीर नव्हती, त्यांच्यापर्यंत तो चालत गेला. दार बंद झालेल्याने रस्ता धरावा, ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

1997 साली वेकफील्डच्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर तीन स्त्रिया उपदेश करीत होत्या. जमाव चिडला. पोलिसांनी स्त्रियांना थांबण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. 1999 साली उच्च न्यायालयाने त्यांच्यापैकी एकीची शिक्षा रद्द केली. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, बोलणारा हिंसेला चिथावणी देत नसेल आणि धोका जमावाकडून असेल, तर आवर जमावाला घातला पाहिजे. न रुचणारे, चिडवणारे बोलणेही स्वातंत्र्याच्या कक्षेत येते.

हे वाचताना मला महाड आठवले. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या माणसांवर जमाव चालून गेला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तो मात्र बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर. "लोक चिडतील, म्हणून तुम्ही थांबा" या युक्तिवादाची किंमत आपल्या समाजाइतकी फार थोड्यांनी मोजली असेल.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्म प्रकट करण्याच्या आणि आचरण्याच्या हक्काबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. संविधान सभेत 'प्रसार' हा शब्द गाळावा, अशी मागणी काही सदस्यांनी केली होती. चर्चेअंती तो राहिला. ती तारीख होती 6 डिसेंबर 1948. पुढे आठ वर्षांनी याच तारखेला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्याच्या काही आठवडे आधी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. धर्माविषयी जाहीरपणे बोलण्याचे आणि माणसाने विचारपूर्वक धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य ज्यांनी वापरले, त्यांची आपण लेकरे आहोत. तेच स्वातंत्र्य दुसऱ्याने वापरले की आपल्या कपाळावर आठ्या पडाव्यात, हे शोभत नाही.

मग आपणही ध्वनिवर्धक घेऊन चौकात उभे राहावे का? मला तसे वाटत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्मप्रसार हे भिक्खूचे कर्तव्य म्हटले आहे; पण तो चमत्काराने किंवा बळजबरीने होता कामा नये, हेही तितक्याच ठामपणे मांडले आहे. भीती हीसुद्धा एक बळजबरीच होय. ऐकणाऱ्याला नाही म्हणून निघून जाता आले पाहिजे. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात वाणीच्या संयमाचा जो आग्रह आहे, तोही हेच सांगतो.

आपल्या परंपरेत दुसरी एक वाट आहे. राजगृहात भिक्षाटन करणाऱ्या अश्वजिताची शांत चाल पाहून एक परिव्राजक थबकला. त्याने भिक्षाटन संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारले, तुमचा शास्ता कोण? अश्वजिताने आपण नवखे असल्याचे सांगितले. सविस्तर सांगता येणार नाही, सार तेवढे सांगतो, म्हणाला. तो परिव्राजक म्हणजे पुढचा सारिपुत्त. या प्रसंगात अश्वजित कुणाच्या मागे लागत नाही. पण विचारले गेल्यावर लपतही नाही. "आम्ही काही अभ्यासक नाही" ही आपली नेहमीची सबबही तो हिरावून घेतो.

1950 साली महाबोधी नियतकालिकातील लेखात बाबासाहेबांनी जागतिक बौद्ध प्रचारकार्याची गरज मांडली होती. परदेशात आपण काय करतो? 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सभागृह भाड्याने घेतो, दार लावून घेतो आणि आपल्याच माणसांना आपलेच भाषण ऐकवतो. ही एकजूट आवश्यक आहे; परंतु शेजारच्या घरातल्या माणसाला आपण कोण, हे ठाऊक नसेल, तर ती अपुरी आहे. निदान एका कार्यक्रमाला दार उघडे ठेवून शेजाऱ्यांना बोलवावे. आणि आपण बौद्ध का आहोत, हे प्रत्येकाला, मुलांसकट, चार साध्या वाक्यांत सांगता यावे. त्यांतल्या एका वाक्यात जातीविरुद्धचा लढा यावा. तो गाळून सांगितलेला धम्म आपला नव्हे.

काही दिवसांनी मी त्या सहकाऱ्याला सांगितले, "त्या दिवशी तू आपल्या दोघांच्या वतीने उत्तर दिलेस. मी हिंदू नाही. मी बौद्ध आहे, बाबासाहेब आंबेडकरांच्या वाटेने आलेला." क्षणभर तो गप्प राहिला आणि मग अपेक्षेप्रमाणे दुसरा प्रश्न आला. त्याचेही उत्तर मी दिले. आवाज किंचित कापला, पण दिले. आम्ही अजूनही जेवायला एकत्र जातो. पुढचे त्याने काही विचारलेले नाही. विचारले, तर मी तयार आहे.

त्या बाईंचे पत्रक माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यातला मजकूर मला पटत नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता.