जिल्हा कागदावरचा आणि पोटापाण्याचा

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि राज्यात ३६ जिल्हे झाले. १९६० साली २६ होते. मोखाड्याच्या माणसाला ठाण्याला खेटे घालावे लागू नयेत, हा हेतू चांगलाच. पण आठ तालुक्यांची मोट बांधताना कोणाचे पोट कुठे भरते हे कोणी पाहिले का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

बघा ना. वसई-विरारचा चाकरमानी पहाटे लोकल पकडतो ती मुंबईची. वाड्याचा माल भिवंडीच्या रस्त्याला लागतो. तलासरीचा तरुण उंबरगावच्या कारखान्यात, म्हणजे चक्क गुजरातेत, कामाला जातो. मोखाड्याला नाशिक सोयीचे. आणि दिवाळीनंतर तिथली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर वसई-भिवंडीकडे उतरतात. मुलेही बरोबर. वर्गात मागे काय उरते ते मास्तरांना विचारा!

मग पोटापाण्याप्रमाणेच सीमा आखा, असे काही मंडळी म्हणतात. मला ते अर्धेच पटते. तसे केले तर वसई मुंबईला मिळेल आणि जव्हार-मोखाडा-विक्रमगडचा एक गरीब जिल्हा तेवढा उरेल. अर्थात आज तरी वेगळे काय आहे? वसई-विरार महापालिका २००९ साली झाली. तिची घरपट्टी तिच्यापाशी. जिल्हा परिषदेचा कारभार तिच्या वेशीबाहेरच थांबतो. एका जिल्ह्यात राहूनही चुली वेगळ्याच.

पाण्याला मात्र सीमा आडवी येत नाही. सूर्या धरणातून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला द्यायची योजना आखली गेली. मीरा-भाईंदर तर ठाणे जिल्ह्यात! ती योजना जिल्ह्याने नव्हे, एमएमआरडीएने हाती घेतली, आणि त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष राज्याचे नगरविकास मंत्री.

वास्तविक १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडायचे. सामान्य माणसाने तिचे नाव तरी ऐकले आहे का? असो. सदतिसावा जिल्हा कुठला, यावर वाद घालण्यापेक्षा ती समिती खरोखर चालवा. आणि ज्या खोऱ्यातले पाणी शहरात जाते, ज्या पाड्यावरची माणसे तिथल्या इमारतींच्या विटा भाजतात, तिथल्या सरपंचांनाही त्या बैठकीत बसवा, मग त्यांचा तालुका महानगराच्या नकाशात असो वा नसो. पाणी किती सोडायचे, हे त्यांच्यासमोर ठरू दे.