चर्चच्या नोंदवह्या परक्या नव्हेत

रायगड किनाऱ्यावरच्या रेवदंडा-कोर्लईच्या इतिहासाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : चर्चच्या नोंदवह्या म्हणजे पोर्तुगिजांनी प्रजेवर पाळत ठेवण्यासाठी केलेला खटाटोप, कोकणच्या इतिहासाला त्यांचा उपयोग काय? हे मत चुकीचे आहे.

त्यातले खरे ते आधी मान्य करू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले आणि बिशपांना आपल्या मुलखाची नेमाने तपासणी करायला लावली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय होते. कागदाला धाकाची साथ होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण तपासणीचा रोख केवळ प्रजेवर नव्हता. खुद्द धर्मगुरूचे वर्तन आणि कामकाज तिथे तपासले जाई. शिवाय १७४० मध्ये चौल (आजचे रेवदंडा) मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज अंमल संपला, तरी कुंडलिका नदीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती राहिली. पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली तिची बोली आजही घरांत बोलली जाते. सारे धाकावरच उभे असते, तर धाक सरल्यावर ते टिकले नसते.

‘सरकारी दप्तर आहे की!’ असेही म्हणतात. पण पेशवे दप्तराला मुख्य काळजी सारा, वतने आणि राज्यकारभाराची. जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची केली ती १९६९ च्या कायद्याने. उलट बाप्तिस्म्याची एक नोंद पाहा : बाळाचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, जन्म व विधीच्या तारखा, विधी करणारा धर्मगुरू. पुढे लग्न झाले की तेही त्याच नोंदीच्या समासात टिपले जाते. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिचेही नाव इथे आई म्हणून येते. सोयरीक कुठे जुळली, कुठले कुटुंब कुठे स्थिरावले, हे सामान्यांच्या बाबतीत सांगणारा असा दुसरा कागद सहसा सापडत नाही. कोर्लईची बोली कशी टिकली, हे समजून घ्यायलाही सोयरिकींचा हाच माग काढावा लागतो.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यानेही जुन्या वह्या जपण्याची आणि बिशपांच्या भेटीत दप्तर तपासण्याची तरतूद केली आहे. ही तपासणी सहीशिक्क्यापुरती नको. किनाऱ्यावरची दमट हवा, कसर आणि वाळवी यांनी कोणती पाने खाल्ली, तेही पाहावे. छायाप्रती काढाव्यात, हयात माणसांची माहिती झाकून जुनी पाने अभ्यासकांना खुली करावीत. आणि कोकणच्या इतिहासकारांनी मोडीच्या जोडीला पोर्तुगीजही शिकावी. या वह्यांतली माणसे याच मातीतली होती. त्यांना वगळून लिहिलेला रायगड किनाऱ्याचा इतिहास अपुराच राहील.