पाणंद कोणाची, फावडे कोणाचे?

परतीचा पाऊस जत तालुक्यात शाळूच्या पेरणीचा निरोप घेऊन येतो, आणि त्याच दिवसांत काळ्या रानातल्या पाणंदी बंद पडतात. उन्हाळ्यात गावाने मुरूम पसरून, कडेला चर काढून नीट केलेल्या वाटेवरून भरल्या ट्रॉलीचा एक ट्रॅक्टर ओल्या मातीत गेला, की हातभर खोल चाकोऱ्या पडतात. पाणी चर सोडून चाकोरीत धावते आणि दोन पावसांत पाणंदीचा ओढा होतो. मग शाळेची पोरे सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवतात, आणि वैशाखात पुन्हा श्रमदानाची दवंडी पिटली जाते.

या दवंडीला ओ देणारे कोण आणि चाकोऱ्या पाडणारे कोण, हा प्रश्न श्रमदानाच्या सत्कारसमारंभांत कोणी विचारीत नाही.

कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात 1970 च्या दशकात डोंगरवाटांवरून सायकली पिटाळण्याचा छंद सुरू झाला. तो खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा छंद. दुष्काळी तालुक्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण वाटा झिजू लागल्या, पायी फिरणारे चिडले, कित्येक वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा तेथील सायकलस्वारांच्या मंडळांनी 1988 मध्ये एक संघटना उभारली आणि स्वतःवर शिस्त घालून घेतली. वाट ओली असेल तर जायचे नाही. चिखल टाळण्यासाठी कडेने नवी वाट पाडायची नाही. ब्रेक आवळून चाक फरफटवायचे नाही. पायी माणसाला आधी वाट द्यायची. आणि जो वाट वापरतो त्याने सवडीच्या दिवशी फावडे घेऊन तिचे पाणी काढून द्यायचे. हे नियम तेथेही सर्रास मोडले जात असतील. परंतु चाक ज्याचे, फावडे त्याचे, ही गोष्ट तेथे निदान मान्य झाली.

जतमध्ये नेमके उलट आहे. पाणंदीने परक्याच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईला अर्धा हात रुंदीची कोरडी वाट पुरते. बारा फूट रुंद वाट लागते ती ऊस, द्राक्ष आणि डाळिंब बाहेर काढणाऱ्या बागायतदाराला, मुरूम उपसणाऱ्या ठेकेदाराला. त्याच्या जमिनीचा भाव पाणंदीमुळे वाढतो. तिचा मात्र श्रमदानाच्या दिवशी रोज बुडतो. दान देण्याइतके ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याकडून श्रमाचे दान घ्यायचे आणि त्याला लोकसहभाग म्हणायचे, ही जुनी वेठच होय. फक्त आता फोटो काढतात. (फोटोत फावडे साहेबांच्याच हाती असते.)

वस्तुतः सांगली जिल्ह्याला याचे विस्मरण होण्याचे कारण नाही. गावाच्या कामाला दाम मिळालाच पाहिजे, हा विचार याच जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी 1965 मध्ये प्रयोगाला लावला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लक्षावधी हातांनी त्याची गरज सिद्ध केली, आणि 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. श्रमाला हक्क मानणारा हा कायदा ज्या मातीतून निघाला, तिथेच श्रमाला पुन्हा दान म्हणायला लावणे हे प्रगतीचे लक्षण कसे?

याचा अर्थ श्रमदान त्याज्य आहे असा नव्हे. गाव एकत्र राबते तेव्हा जात आणि भावकी घटकाभर का होईना बाजूला पडते, आणि ज्याने चर खणला तो त्यात दगड टाकताना बिचकतो. पण ही आपुलकी सरकारच्या हलगर्जीपणाचे पांघरूण होता कामा नये. कागदावर उणीव नाही. पाणंदीतला अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलेला आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे 143 वे कलम बांधावरून वाट देते. 2021 मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना निघाली. या साऱ्यांचा भर रस्ता मोकळा करण्यावर आणि नवा बांधण्यावर. बांधलेला रस्ता दरवर्षी राखायचा कोणी, आणि पावसात त्यावर कोणी काय न्यायचे, याची चिंता कोणी वाहिलेली नाही. नवा रस्ता उद्‌घाटनाला येतो. चर साफ करण्याला नारळ फुटत नाही.

म्हणून ग्रामसभांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. वाफसा येईपर्यंत काळ्या रानातल्या पाणंदीवर भरलेली ट्रॉली चालणार नाही. दुखणाइतासाठीची गाडी तेवढी अपवाद. ज्याच्या वाहतुकीने वाट फुटेल, त्याने मुरूम आणि रोलरचा खर्च भरावा, मग तो पंचायतीचा सदस्य का असेना. आणि चर उपसण्याचे, खड्डे बुजवण्याचे दिवस रोजगार हमीच्या कामात धरून त्यांची मजुरी मिळावी. बागायतदारांना पहिली अट जाचक वाटेल. त्यांनी शाळू पेरायला निघालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला एकदा विचारावे, की त्यांच्या ट्रॉलीनंतर त्याची पाभर किती दिवस बांधाला उभी राहिली.