लाल कॅलिपर, काळं तेल

मागच्या महिन्यात माझा भाचा गाडी दाखवायला घरी आला. गाडी त्याच्यासाठी नवी, पण तशी वीस वर्षांहून जुनी: 2004 ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. चहा होण्याआधीच त्याने बेत सांगितला. "मामू, इंजिनची पॉवर वाढवून झाली. आता ब्रेक करायचेत. पुढे मोठ्या डिस्क, लाल कॅलिपर. चाकातून दिसले पाहिजेत."

मी त्याला बॉनेट उघडायला लावलं. ब्रेक ऑइलच्या डबीत कोऱ्या चहासारखं काळपट तेल होतं. ते शेवटचं कधी बदललं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि गाडी विकणाऱ्यालाही नव्हतं. मागच्या काचेवर मात्र 'माशाअल्लाह'चं नवं कोरं स्टिकर होतं. अल्लाहवर भरवसा हवाच. पण उंट आधी बांधायचा असतो, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

ही गाडी आमच्या शहराच्या जवळची आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, इथल्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला आणि तिथली पहिली गाडी ऑक्टेव्हियाच होती. आरएस हे तिचं तेज रूप. दोन दारांची खरी स्पोर्ट्स कार नव्हे, पण 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 150 पीएस ताकद. त्या काळात आपल्याकडे एवढ्या पैशात असं काही मिळत नव्हतं. आज ती सेकंडहँड बाजारात पोरांच्या आवाक्यात आली आहे, आणि माझी काळजी इथूनच सुरू होते.

पोरं पॉवर आधी वाढवतात, ब्रेकचा विचार नंतर करतात. हिशेब साधा आहे. वेग वाढला की गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 80 किलोमीटरच्या तुलनेत 120 ला ती सव्वादोन पट होते. समृद्धी महामार्गावर मोटारीला सपाट भागात 120 ची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढं अंतर सहज संपतं. त्यानंतर ती सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णता करून हवेत सोडावी लागते. ब्रेकचं खरं काम हेच.

मोठ्या डिस्कचा उपयोगही इथेच आहे. ती जास्त उष्णता झेलते, लवकर थंड होते. युरोपात हीच आरएस 180 पीएसची होती आणि तिला पुढे 312 मिलिमीटरची डिस्क होती. साध्या 1.8 टर्बोला 288 ची. कॅलिपर तोच ठेवून फक्त त्याचा ब्रॅकेट बदलून 312 ची डिस्क बसते, मात्र चाक किमान 16 इंची लागतं. म्हणजे भाच्याचा बेत चुकीचा नव्हता. त्याचा क्रम चुकीचा होता.

कारण एकदाच जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबवतो तो शेवटी टायर. चाकं लॉक करण्याइतकी ताकद कंपनीच्या ब्रेकमध्ये असतेच. एबीएस सुरू होतो याचा अर्थच टायरची पकड संपली. सात-आठ वर्षांच्या कडक झालेल्या टायरवर कितीही मोठी डिस्क लावा, ती गाडी फारशी आधी थांबणार नाही. मोठी डिस्क कामी येते ती पुन्हा पुन्हा ब्रेक लागतो तेव्हा. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाताना, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असताना.

आणि त्याच घाटात काळं तेल जीव घेतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ताजं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात कॅलिपर तापला की तेल उकळतं, नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ फरशीला टेकतं. लोक म्हणतात, "अचानक ब्रेक फेल झाला." अचानक काही होत नाही. ते दोन-तीन वर्षं डबीत होत असतं. नुसता रंग हा पक्का पुरावा नाही. पण शेवटचं कधी बदललं हे कुणालाच माहीत नसेल, तर बदलायची वेळ झाली, एवढं नक्की.

म्हणून जुन्या गाडीच्या ब्रेकसाठी माझा क्रम असा. आधी चांगले टायर. मग सगळं तेल काढून नवं डॉट 4, चारही चाकांची हवा काढून, आणि पुढे दर दोन वर्षांनी. मग वीस वर्षांचे रबरी होज, जे बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगतात. मग कॅलिपरच्या पिना आणि रबरं, मग चांगले पॅड. हे सगळं झाल्यावर मोठी डिस्क. तीही विचार करून, कारण पुढचा ब्रेक फार वाढवला आणि मागचा तसाच ठेवला तर कंपनीने जमवलेला तोल बिघडतो. भलत्या गाडीचे मोठे कॅलिपर लावले तर मास्टर सिलिंडर कमी पडतो आणि पेडल खोल जातं. कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या फेरफाराला आडवं येतं. अपघातानंतर विमा कंपनीने प्रश्न विचारला तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, गाडी भंगारात घाला. मला हे पटत नाही. पंधरा वर्षांनंतर गाडी तपासून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. जुनी गाडी नीट राखणं हा गुन्हा नाही, उलट ती एक शिस्त आहे. दिखाऊ वस्तूला पैसे आहेत आणि न दिसणाऱ्या कामाला नाहीत, ही आपली खोड मात्र मला खुपते.

ही खोड आपल्याच माणसांच्या पोटावर येते. शहरातल्या गॅरेजांच्या गल्ल्यांत फिरा. लाइनर बसवणारे, डिस्क लेथवर घासून देणारे, नुसत्या पायाच्या दाबावरून कुठे हवा राहिली ते सांगणारे कितीतरी उस्ताद आपल्या मोहल्ल्यातले आहेत. लाल कॅलिपरला हजारो रुपये मोजणारा ग्राहक तेल बदलायच्या मजुरीत शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. मग मिस्त्रीही चारही चाकांची हवा काढायच्या जागी डबी वरून भरून देतो, आणि पॅड डुप्लिकेट येतात. दोघंही खूश, आणि घाटात तिसराच कुणीतरी मरतो.

मिस्त्रींनाही माझं सांगणं आहे. ब्रेकचं काम ही अमानत आहे. काय बदललं ते तारखेसह बिलावर लिहा आणि जुने पॅड ग्राहकाच्या हातात द्या. लाइनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा. हाताखाली 'छोटू' म्हणून ज्याला उभं करता त्याचं वय चौदाच्या आत असेल तर तो कायद्याने गुन्हा आहे. त्याला शाळेत पाठवा, पुढे आयटीआयच्या मोटर मेकॅनिकला घाला. आणि तुमच्या स्वतःच्या हाताला कागद नसेल, तर कौशल विकास योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळतं, ते घ्या. हुनर आहेच, फक्त त्याची नोंद नाही.

भाच्याने माझं अर्धंच ऐकलं. टायर, तेल, होज, पॅड झाले. मिस्त्रीचाचांनी मागितली तेवढी मजुरी त्याने दिली. लाल कॅलिपर अजून त्याच्या डोक्यात आहेत. परवा आम्ही दौलताबादवरून खुलताबादला जाऊन आलो. घाट उतरताना मी गप्प बसून त्याच्या पायाकडे बघत होतो. पेडल कडक होतं, प्रत्येक वळणाला तेवढंच कडक. घरी उतरल्यावर तो म्हणाला, "मामू, गाडी बाहेरून आधीसारखीच दिसते."

मी म्हटलं, दिसू दे.