सॉफ्टवेअर आपल्या पैशाचं, आणि माहिती कुणाच्या तरी वहीत

गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी गेलो होतो. खिडकीपलीकडच्या ऑपरेटर ताईंना माझा अर्ज पुढे सरकवता येईना. सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली होती आणि एक बटण जागेवर नव्हतं. "मॅन्युअल नाही का?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "पीडीएफ आहे ना सर. पण ती जुनी. त्यात हे स्क्रीनच नाही." मग ड्रॉवरमधून त्यांनी एक शंभरपानी वही काढली. कुठे काय दाबायचं, कुठे अडकलं तर काय करायचं, सगळं स्वतःच्या अक्षरात. पंधरा मिनिटांत काम झालं.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. लाखो रुपये खर्चून बनवलेल्या प्रणालीचं खरं डॉक्युमेंटेशन म्हणजे ती वही! ताई कंत्राटी आहेत. उद्या कंत्राट संपलं की वही त्यांच्यासोबत जाणार, आणि नवीन माणूस रांगेतल्या लोकांचे अर्ज अडकवत अडकवत शिकणार.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे: स्टॅटिक साइट. म्हणजे काय? नेहमीची वेबसाइट ही ऑर्डर आल्यावर डोसा लावणाऱ्या हॉटेलसारखी. कुणी पान मागितलं की डेटाबेसमधून माहिती काढून ते तयार होतं. स्टॅटिक साइट म्हणजे सकाळीच पोळ्या लाटून डब्यात भरून ठेवणं. पानं आधीच तयार, सर्व्हरने फक्त वाढायची. डेटाबेस नाही, त्यामुळे तो बंद पडायचा किंवा हॅक व्हायचा प्रश्न नाही. गावातल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही पान पटकन उघडतं.

उभी करायला काय लागतं? एमकेडॉक्स, स्फिंक्स, ह्यूगो, डॉक्युसॉरस अशी कितीतरी साधनं फुकट आहेत. मजकूर मार्कडाउन नावाच्या साध्या पद्धतीने लिहायचा, जी तासाभरात शिकता येते. पानांची यादी एका सेटिंगच्या फाईलमध्ये द्यायची. एक कमांड दिली की साइट तयार. हे सगळं सॉफ्टवेअरच्या कोडशेजारीच गिटमध्ये ठेवायचं. मग बटण हलवणाऱ्या प्रोग्रामरनेच त्याच दिवशी ते पानही बदलायचं, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. पीडीएफ शिळी होते, कारण ती कोडपासून लांब कुठेतरी पडलेली असते.

हे हौशी लोकांचं खूळ नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सरकारची आरोग्य विम्याची साइट पहिल्याच दिवशी कोलमडली. पण कोलमडला तो नोंदणीचा भाग. जेकिल वापरून आधीच बनवून ठेवलेली माहितीची पानं मात्र उघडत राहिली. ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागाने तर तांत्रिक माहितीसाठी अशा साइटचा साचाच बनवून सगळ्यांना खुला करून दिलाय.

आता आक्षेप. "कार्यालयातल्या लोकांना गिट कुठे येतं?" रास्त आहे. पण गिटहब किंवा गिटलॅबवर ब्राउझरमध्येच पान उघडून दुरुस्ती सुचवता येते, आणि ती तपासून मंजूर करायला एक जबाबदार माणूस पुरतो. खरी अडचण मराठीची आहे. साधा शोध 'दाखला' टाकल्यावर 'दाखल्यासाठी' शोधून देत नाही, कारण आपले शब्द विभक्तीत रूप बदलतात. म्हणून मथळ्यात मूळ शब्द घालावा लागतो. ही काळजी मराठी येणाऱ्यानेच घ्यायची असते. इंग्रजी मॅन्युअल भाषांतराच्या यंत्रात घालून ते होणार नाही.

मग हे होत का नाही? माझं मत स्पष्ट आहे: कारण ते कोणी मागत नाही. निविदेत 'युजर मॅन्युअल' एवढे दोन शब्द असतात. कंत्राटदार शेवटच्या आठवड्यात स्क्रीनशॉट चिकटवून पीडीएफ देतो, बिल निघतं, विषय संपतो. केंद्राचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून आहे. कोड खुला करताना सुरक्षेचे प्रश्न येतात, मान्य. पण अर्ज कसा भरायचा यात कसलं आलंय गुपित?

निविदेत फक्त तीन ओळी वाढवा. माहिती मराठीत आणि लॉगिनशिवाय वाचता येईल. प्रत्येक नवीन आवृत्तीसोबत ती बदलेल, नाहीतर बिल अडेल. आणि मूळ मजकुराच्या फाईल्स कंत्राटदाराच्या नाही, सरकारच्या ताब्यात राहतील.

आणि पहिलं पान लिहायला त्या ताईंनाच बसवा. मानधन देऊन. कारण ती प्रणाली कशी चालते हे बनवणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

तुमच्या ओळखीत कुणी निविदांचं काम बघत असेल तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि तुमच्या कार्यालयातही अशी एखादी वही असेल, तर कमेंटमध्ये नक्की सांगा.