बाटलीचे नाव कोण लिहिणार?

काही वर्षांपूर्वी देवळी तालुक्यातील एका शेतमजुराची पत्नी कागद घेऊन माझ्याकडे आली. नवऱ्याने तीन दिवस कपाशीवर फवारणी केली, चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला फेस आला. दवाखान्याच्या कागदावर दोनच शब्द होते : अज्ञात विषबाधा. औषध कोणते, किती तास अंगावर उडाले, नाकातून गेले की कातडीतून, काहीच नाही. पोलिसांचा प्रश्न एकच, दारूच्या नशेत प्याला का? अशा कागदावर वकिलाने काय भांडावे?

वर्धा नदीपलीकडे यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, 800 हून अधिक दवाखान्यात पडले. 2020 मध्ये त्यांतील काही कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. वादाचा गाभा हाच, की बाटली कोणाची? पीडितांच्या हाती मुख्य आधार पोलिसांच्या नोंदींचा होता. डॉक्टरांच्या नोंदींचा असायला हवा होता.

माहिती कुठेच नाही असे नाही. औषधाचे नाव आणि बॅच नंबर कृषी केंद्राच्या बिलावर असतो. लक्षणे दवाखान्याच्या केसपेपरवर. माणूस मेला तर व्हिसेराचा अहवाल पोलिसांकडे. हे तीन कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत! मग कोणते मिश्रण घातक, पुरुषभर उंचीच्या कपाशीत कोणता पंप धोक्याचा, हे कृषी विभाग कशाच्या आधारावर ठरवणार? त्यात ऑरगॅनोफॉस्फरस औषधाने रक्तातील कोलिनेस्टरेज घटते, पण ती तपासणी वेळेत झाली तरच उपयोगाची. उशीर झाला की पुरावाही गेला.

कायदा आहे. 1968 च्या कीटकनाशक कायद्याचे कलम 26 सांगते, की हाताळणीतून झालेली प्रत्येक विषबाधा कळवण्यास राज्य सरकार अधिसूचना काढून कोणालाही भाग पाडू शकते. ‘शकते’! सारी गोम या एका शब्दात आहे. 1971 च्या नियमांत तर अशी औषधे हाताळणाऱ्यांचे कोलिनेस्टरेज तपासण्याची तरतूद आहे. फवारणाऱ्या एका तरी मजुराला विचारून पाहा.

आणि हा पंप पाठीवर असतो कोणाच्या? बहुतेक भूमिहीनाच्या, म्हणजे आपल्याच वस्तीतल्या माणसाच्या, नाहीतर आदिवासी पाड्यावरच्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत विषबाधा बसते, पण लाभ खातेदाराला आणि त्याच्या घरातील एकाला. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचे मरण कोणत्या रकान्यात लिहायचे?

जिल्हाधिकाऱ्यांनी यंदाच्या फवारणीआधी एकच नोंदवही सुरू करावी. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरने तीत औषधाचे तांत्रिक नाव, मिश्रण, फवारणीचे तास आणि रक्त घेतल्याची वेळ लिहावी. बाटली किंवा बिल आणणे शेतमालकावर बंधनकारक करावे. खर्च एका वहीचा आहे.

त्या बाईंची फाइल माझ्या कपाटात आहे. औषधाच्या नावाची जागा अजून कोरी आहे.