कळा सुरू होण्याआधीचे दिवस कोणाच्या हिशेबात?

बाळंतपणासाठीची आपली सरकारी व्यवस्था कळा सुरू झाल्या की जागी होते. १०८ ला फोन जातो, गाडी निघते, प्रसूतिगृहाचं दार उघडतं. जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, रक्त, सीझर आणि ने-आण करणारी गाडी हे सगळं मोफत आहे. जेवणही आहे: साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सीझरला सात दिवस. त्याआधीच्या महिन्यांत तपासण्या होतात, लोहाच्या गोळ्या मिळतात, धनुर्वाताची इंजेक्शनं दिली जातात. या दोन टोकांच्या मधले दोन-तीन आठवडे मात्र कोणाच्याच खाती नाहीत. दिवस भरत आलेले असतात, पोट खाली उतरलेलं असतं, कळा मात्र नसतात. हे दिवस बाईने आणि तिच्या घरच्यांनी आपापले निभावून न्यायचे, असं आपण गृहीत धरलं आहे. माझं म्हणणं असं की, ही वाट पाहणं हा बाळंतपणाच्या सेवेचाच भाग आहे. त्याला जागा, माणूस आणि पैसा द्यायला हवा. खानदेशात तो मिळत नसल्याचे परिणाम सातपुड्यातही दिसतात आणि जळगाव-धुळ्याच्या शहरी दवाखान्यांतही.

आधी तारखेचं पाहू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून डॉक्टर ‘डेट’ देतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब पाळी नेमाने २८ दिवसांनी येते असं धरून चालतो. पाळीचा दिवसच आठवत नसेल किंवा पहिली सोनोग्राफी सहाव्या महिन्यात झाली असेल, तर ती तारीख अंदाजाचाही अंदाज ठरते. आणि हिशेब अगदी बिनचूक असला तरी शंभरातल्या चार-पाचच बायका त्या दिवशी बाळंत होतात. पूर्ण दिवसांचं बाळ म्हणजे ३७ आठवड्यांपासून ४२ आठवड्यांच्या आतलं. म्हणजे ज्याला आपण एक दिवस समजतो ते प्रत्यक्षात पाच आठवड्यांचं दार आहे. घरात मात्र कॅलेंडरवर एका आकड्याभोवती गोल केलेला असतो आणि तो उलटला की सासरचे, माहेरचे, शेजारपाजारचे सगळेच विचारू लागतात, ‘अजून काही नाही?’

सातपुड्यात आणि आसपासच्या डोंगराळ भागांत ही अनिश्चितता जिवावर बेतते. चोपड्यातलं वैजापूर, यावल-रावेरच्या उत्तरेकडचे पाडे, धुळे जिल्ह्यात शिरपूरचा वरचा पट्टा आणि पश्चिमेला साक्रीचा डोंगराळ भाग, शिवाय १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेल्या नंदुरबारातले अक्राणी आणि अक्कलकुवा. इथे पाडा गावापासून दूर, गाव रस्त्यापासून दूर आणि रस्ता दवाखान्यापासून दूर. पावसाळ्यात नाला भरला की तेवढाही संबंध तुटतो. नर्मदेच्या काठी सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या गावांना तरंगता दवाखाना आणि होडी हाच आधार. २०२० च्या टाळेबंदीत अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत गरोदर बायका आणि बालकांपर्यंत पोहोचत होत्या, त्याचं कौतुक देशभर झालं. पण वजन घेणं, आहार देणं यासाठी दिवस ठरवून जाता येतं. कळा दिवस ठरवून येत नाहीत. मग बांबू निघतो. गोधडीची किंवा लुगड्याची दोन टोकं बांबूला करकचून बांधायची, झोळीत बाईला ठेवायचं आणि बांबू दोन्हीकडून खांद्यावर घेऊन उतार धरायचा. झोळीत तिला कुशीवर वळता येत नाही. खांदेकऱ्याचा पाय घसरला की झोळी दगडावर आपटते. पुढच्या वळणावर कळा वाढल्या तर तिथेच, झाडाखाली, जे व्हायचं ते होतं. मराठी वर्तमानपत्रांनी याला ‘बांबूलन्स’ असं नावही देऊन टाकलं. दर पावसाळ्यात अशी छायाचित्रं छापून येतात, चार दिवस हळहळ होते आणि रस्त्याची मागणी पुन्हा पुढे येते.

रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण रस्ता होईपर्यंत दर वर्षी बायका बाळंत होणारच आहेत. त्यामुळे प्रश्न उलट बाजूनेही सोडवला पाहिजे: कळा सुरू झाल्यावर बाईला पळवत नेण्याऐवजी कळा सुरू होण्याआधीच तिला दवाखान्याजवळ राहता आलं पाहिजे. महाराष्ट्राला हे सुचलेलं नाही असं नाही. आदिवासी जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ ही योजना २०१० च्या सुमारास आली. दिवस भरत आलेल्या बाईने नातेवाईक आणि लहान मुलासह काही दिवस आधी तिथे येऊन राहायचं, अशी ती कल्पना. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये दुर्गम भागांसाठी अशा प्रतीक्षागृहांची शिफारस केली. तिचा सगळ्यात बोलका पुरावा इथिओपियातला आहे. तिथल्या ग्रामीण भागातल्या अट्टाट रुग्णालयाने १९८७ ते २००८ या काळातल्या २४,१४८ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. प्रतीक्षागृहात राहून आलेल्या बायकांत दर लाखामागे सुमारे ९० माता दगावल्या, थेट घरून आलेल्यांत सुमारे १,३३३. मृत बाळं जन्मण्याचं प्रमाण पहिल्या गटात हजारी १८ च्या आसपास, दुसऱ्यात १९१. हा फरक सगळाच प्रतीक्षागृहाचा म्हणता येणार नाही, कारण थेट आलेल्यांपैकी बऱ्याच जणी आधीच अडलेल्या अवस्थेत पोहोचल्या असणार. या विषयावर काटेकोर प्रयोग झालेले नाहीत आणि आरोग्य संघटनेची शिफारसही सशर्तच आहे. तरी ‘अडलेल्या अवस्थेत पोहोचणं’ हाच तर आपला आजार आहे आणि आधी येऊन राहणं हा त्यावरचा सरळ इलाज.

यावर नेहमीचा आक्षेप असा की खोल्या बांधल्या तरी बायका येत नाहीत. हा आक्षेप करणारे बायकांच्या अज्ञानाकडे बोट दाखवतात. मला ते मान्य नाही. घरी दोन लहान मुलं, शेळ्या, पाणी भरायचं काम, शेतात निंदणी किंवा वेचणीला आलेला कापूस हे सगळं सोडून आठ-दहा दिवस एका खोलीत बसायचं, तर मागे कोण? सोबत येणाऱ्या नवऱ्याची किंवा सासूची मजुरी बुडते ती कोण भरणार? मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी स्वतः थापून खायची सवय असलेल्या पावरा कुटुंबाला तिथे चूल मांडायला जागा नसेल, नर्सताईला पावरी किंवा भिली कळत नसेल, रात्री दिवा नसेल, संडासात पाणी नसेल, तर ती बाई घरी थांबते यात तिचं काय चुकलं? खानदेशात पहिल्या बाळंतपणाला लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तेव्हा तिच्या वाटची कामं आई, भावजय वाटून घेतात. त्या दिवसांत बाईला आधार लागतो हे समाजाला कळत होतं म्हणूनच ही रीत पडली. सरकारी खोलीने तेवढा आधार दिला तर बायका येतील, नाही दिला तर भिंतीवर किती रंगीत चित्रं काढली तरी खोली रिकामीच राहील. बुडीत मजुरी मुक्काम संपण्याआधी हातात पडणं, सोबतच्या मुलांचं जेवण आणि पाड्यावरचीच एखादी दाई किंवा आशाताई तिथे सोबतीला असणं, एवढ्या गोष्टींवर योजनेचं यश अवलंबून आहे. आशाताईला मोबदला मिळतो तो तपासण्या आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांसाठी. तिने एखादीची समजूत काढून आठवडाभर आधी आणून ठेवलं, तर ते दिवस तिच्याही हिशेबात धरायला हवेत.

दुसरा आक्षेप, १०८ आहे ना? आहे, आणि २०१४ पासून तिने कितीतरी जीव वाचवले. पण जिथे फोनला रेंज नाही आणि रस्ता पाड्याच्या तीन टेकड्या अलीकडेच संपतो, तिथे गाडी कितीही चांगली असली तरी उरलेली वाट बांबूचीच. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही, तर उपचारांवाचून बाई दोन तासांतही दगावू शकते. पाड्यावर गाडी मागवणं, तिचं येणं, ग्रामीण रुग्णालय गाठणं आणि तिथून पुढे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात पाठवणी या साखळीला दोन तास अजिबात पुरत नाहीत.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. तारीखच जर पाच आठवड्यांत कुठेही सरकते, तर बाईला किती दिवस बसवून ठेवायचं? त्यापेक्षा ३९ आठवडे झाले की औषध देऊन कळा आणवल्या तर काय बिघडलं? या प्रश्नाला ‘निसर्गाच्या मनाने होऊ द्या’ असं उत्तर देऊन भागणार नाही. अमेरिकेत ६,१०६ पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अराइव्ह’ चाचणीत ३९ व्या आठवड्यात कळा आणवलेल्यांत सीझरचं प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के निघालं. वाट पाहण्याला हद्द असते हेही खरं. स्वीडनमधली चाचणी २०१८ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्यांच्या गटात सहा बाळं दगावली आणि ४१ व्या आठवड्यात कळा आणवलेल्यांत एकही नाही. म्हणूनच, ४१ आठवडे नक्की भरल्याची खात्री असेल तर कळा आणवाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण या चाचण्यांतल्या बायकांच्या तारखा पक्क्या होत्या आणि कळा आणवल्यापासून बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष होतं. कळा आणवणं हे काही तासाभराचं काम नव्हे. पहिलटकरणीला दिवस-दीड दिवसही लागतो आणि तेवढा वेळ नर्स, डॉक्टर, शस्त्रक्रियेची सोय तयार लागते. तारीख कच्ची आणि देखरेख अपुरी असेल तर तोच उपाय अपुऱ्या दिवसांचं बाळ नाहीतर अडलेलं बाळंतपण पदरात टाकतो. तेव्हा ४१ आठवड्यांची रेघ पाळायची तर आधी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आणि शेवटच्या आठवड्यांतलं लक्ष या दोन्ही गोष्टी हव्यात. रक्तदाब अचानक चढणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, खोट्या कळा आणि कमरेतून निघून ठरावीक अंतराने वाढत जाणाऱ्या खऱ्या कळा यांतला फरक, हे सगळं याच दिवसांत ओळखायचं असतं. प्रतीक्षेचे दिवस रिकामे नाहीत ते यासाठी. मुक्काम किती, हे तारखेपेक्षा अंतरावर आणि जोखमीवर ठरवावं. आधीचं सीझर, जुळी, वाढलेला रक्तदाब किंवा पायवाटेचा पाडा असेल तर ३८ व्या आठवड्यापासून. सडकेलगतच्या गावाला त्याची गरज नाही.

आता शहराकडे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं संस्थेत झाली आणि चारातल्या एका बाईचं सीझर झालं. देशभरात सरकारी दवाखान्यांत सीझरचं प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के आहे. इतकं मोठं अंतर बायकांच्या शरीरातल्या फरकाने पडत नाही. डॉक्टरांच्या लोभाकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. जळगाव, भुसावळ, धुळ्याची खासगी प्रसूतिगृहं बहुतेक एका डॉक्टरवर किंवा डॉक्टर दांपत्यावर चालतात. भूलतज्ज्ञ फोनवर बोलवायचा असतो, रात्रपाळीला अनुभवी नर्स मिळत नाही आणि काही वाईट घडलं तर नातेवाईक काचा फोडतील ही धास्ती असते. पॅकेज ठरलेलं असतं. त्यात शस्त्रक्रियेला भाव आहे, चौदा तास शेजारी बसून ठोके ऐकण्याला नाही. त्यात घरचेच म्हणतात, ‘डेट उलटली, करून टाका’, कुणी तर मुहूर्त काढून आणतं. थांबण्याची किंमत कोणीच देत नसेल तर थांबेल कोण? सातपुड्यातली बाई दवाखाना वेळेत गाठू शकत नाही आणि शहरातली बाई दवाखान्यात असूनही तिला वेळ मिळत नाही. प्रशिक्षित प्रसूती-परिचारिका रात्रंदिवस असणं, तिच्या तासांचा मोबदला वेगळा धरणं आणि विमा योजनांनी साध्या बाळंतपणाच्या देखरेखीला दर देणं, एवढं केलं तरी हे चित्र पालटायला लागेल.

या दिवसांना मोल आहे हे आपल्या कायद्याने मानलेलंही आहे, पण नोकरदार बाईपुरतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तिला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. रावेरच्या केळीबागेत राबणारी, कापूस वेचणारी, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी बाई नवव्या महिन्यातही कामावर असते, कारण तिच्या त्या आठ आठवड्यांचे पैसे देणारा कोणी नाही.

खर्चाचा बाऊ करायचं कारण नाही. इमारती पुष्कळ ठिकाणी उभ्या आहेत. लागतात ती माणसं, जेवण आणि मजुरी, आणि ती जिल्हा नियोजन समितीच्या आदिवासी उपयोजनेतून देता येण्याजोगी आहेत. सुरुवात पावसाळ्यापासून करावी. जून ते सप्टेंबरमध्ये कोणत्या पाड्यावर कोणाचे दिवस भरतात ही नोंद आशाताईच्या वहीत आणि आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये मे महिन्यातच तयार असते. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल आणि रावेरच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी त्या नावांपुढे तीन रकाने वाढवावेत: नाल्यापलीकडे राहते का, कधी आणून ठेवायचं आणि मागे तिच्या मुलांजवळ कोण असेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पहिले दोन भरून उपयोग नाही, आणि तो भरायचा तर आधी पाड्यावर जाऊन तिच्याशी आणि तिच्या सासूशी बोलावं लागेल.